तुम्ही खाकरला होतात, नाना

नाना, परवा रविवारीही माझी बोटं उघडली नाहीत. धनुष्याची दोरी हनुवटीखाली आली, नाकाच्या शेंड्याला टेकली, पाठ ओढली गेली, सोडायची खूण देणारा क्लिकर टक् वाजला, आणि बोटं तशीच्या तशी. मी मनात म्हणतेय, सुटा मेल्यांनो, सुटा एकदाची. शेवटी धनुष्य खाली घेतलं. पुन्हा वर, पुन्हा टक्, पुन्हा काही नाही. शेजारी उभी असलेली आठवीतली पोरगी आपले सहाही बाण मारून मोकळी झाली, तोवर माझा पहिलाच बाण दोरीवर. तिनं "आंटी, पानी?" म्हणत बाटली पुढे केली. बावन्न वर्षांची बाई भर उन्हात उभी राहून रडते की काय, असं वाटलं असणार तिला. रडत नव्हते, पण पाणी घेतलं.

तुम्हाला कुठं माहीत म्हणा, की मी पुन्हा सुरू केलंय. तुम्ही गेलात त्याला चोवीस वर्षं झाली, आणि तुमच्या शेवटच्या अकरा वर्षांत मी धनुष्याला हातसुद्धा लावला नव्हता. आता आम्ही हैदराबादेतच, कुकटपल्लीला राहतो. मी शाळेत गणित शिकवते, पोरगा बंगळुरूला, हे औषधांच्या कंपनीत. दीड वर्षापूर्वी जुन्या कारखान्यांच्या मागे, मोकळ्या जागेत, तिरंदाजीची खाजगी अकादमी निघाल्याचा बोर्ड दिसला आणि मी ऑटो थांबवून आत गेले. ह्यांना वाटलं, पन्नाशीनंतर बायकोला व्यायामाचं खूळ लागलं. खरं कारण मी कुणाला सांगितलं नाही. मला एकच गोष्ट बघायची होती. आजच्या रीतीनं, नीट, पहिल्यापासून शिकलं तर माझी बोटं उघडतात का. उघडली, तर दोष तुमच्या शिकवण्यात होता. नाही उघडली, तर माझ्यात. एवढं साधं गणित, आणि त्याचं उत्तर मला हवं तेच यायला पाहिजे होतं.

तिथली कोच सव्वीस वर्षांची आहे, करीमनगरकडची. मराठीचा गंध नाही. पोरांशी तेलुगूत बोलते, माझ्याशी आपल्या हैदराबादी हिंदीत. अंगानं काटकुळी, पण धनुष्य ओढते तेव्हा बघत राहावं. बाण गेल्यावर तिचा हात गालावरून मागे सरकतो आणि कानाखाली येऊन थांबतो, आपण काही केलंय याचा पत्ता नसल्यासारखा. पहिल्याच दिवशी तिनं टार्गेटवरचा कागद काढून टाकला. मला गवताच्या गठ्ठ्यापासून तीन पावलांवर उभं केलं आणि म्हणाली, "आंखां बंद करो मॅडम. कहां लगता सो देखना नक्को. बस उंगलियां समझो." तीन महिने मी टार्गेटच्या मधला पिवळा रंग पाहिला नाही. डोळे मिटून मारलेले ते बाण, काय सांगू तुम्हाला! बोटं अशी निघायची की मलाच कळायचं नाही. घरी येऊन मी गुणगुणत पोळ्या लाटायची. मग चौथ्या महिन्यात तिनं गठ्ठ्यावर कागद लावला, आणि तो पिवळा ठिपका समोर दिसल्याबरोबर बोटं आवळली. तेव्हापासून सगळे उपाय झाले. कागद लहान केला, मोठा केला, उलटा लावला. रबराचा पट्टा ओढून झाला, आरसा लावून झाला. ती दर रविवारी घरून काहीतरी नवं शोधून यायची, मोबाइलमध्ये माझे व्हिडिओ घ्यायची, ते संथ करून मला दाखवायची. माझा क्लास संपल्यावर अर्धा तास जास्त थांबायची. एवढं कुणी करतं का हो हल्ली?

आपल्याकडे तेव्हा कुठला व्हिडिओ आणि कुठलं काय. तुम्ही सिकंदराबादच्या रेल्वे ऑफिसात हेडक्लार्क, उर्दू शाळेत शिकलेले, आणि हे वेड तुम्हाला लागलं कॅन्टोन्मेंटमधल्या एका सुभेदारामुळे. तो रिटायर होऊन गावी जाताना त्याचं जुनं धनुष्य तुमच्या गळ्यात घालून गेला. तुमच्या हातांना ते जमेना, म्हणून ते माझ्या हातात आलं. मी बारा वर्षांची. विद्यानगरच्या आपल्या घरात नेम धरायला जागा कुठली, म्हणून तुम्ही स्वयंपाकघरात शिकवायला बसलात. आईच्या परकराची नाडी कापून तिची गाठ मारलीत, कडं केलंत. कड्याचं एक टोक डाव्या अंगठ्यात, दुसरं उजव्या तीन बोटांत, हनुवटीखाली धरायचं आणि दोन्हीकडे पाठीनं ओढायचं. ओट्यावर कुकर. तुम्ही पाटावर बसून सांगताय, "शिट्टी झाली की दचकून सोडायचं नाही. आणि मुद्दाम धरूनही ठेवायचं नाही. पाठ ओढत राहा, बोटं आपली जातील." आणि आई वरणाला फोडणी देत म्हणतेय, "आधी भाजी चिरायला शिकवा तिला. सासरी काय बाण मारून जेवायला घालणार आहे?" तुम्ही हसता. नाडी माझ्या नाकाला लागून फटकन उडते आणि वरणात पडते. तुम्हा दोघांना त्या दिवशी आलेलं हसू मला अजून ऐकू येतं.

रागावलात तेही आठवतं. मी बोटं मुद्दाम फाकवायची, फुलबाजी टाकल्यासारखी, कारण सिनेमात तसंच दाखवतात. तुम्ही माझं मनगट धरून म्हणालात, "तू कोण गं सोडणारी? धरणं थांबव, बास. तेवढंच तुझं काम." मला राग आला होता. धरणं थांबवणं आणि सोडणं यात काय फरक, हे मला तेव्हा कळलं नाही, आणि आता कळून उपयोग नाही. त्याच आठवड्यात तुम्ही बोटांना लावायचं चामडं करून आणलंत. तुमचा कमरेचा जुना पट्टा घेऊन चिक्कडपल्लीच्या मोच्याकडे गेला होतात. त्यानं तुम्हाला परत पाठवलं, "बेटी का हात लेके आओ साब, अंदाजे से नै होता." मग मला सायकलवर डबलसीट नेलंत आणि त्यानं माझी तिन्ही बोटं चामड्यावर ठेवून पेन्सिलीनं रेघ मारली. महिनाभर तुम्ही ऑफिसला पट्ट्याशिवाय गेलात.

आता क्लिकरचं. सुभेदाराच्या धनुष्याला ती पोलादी पत्ती नव्हती. बाण पुरता ओढला गेला की त्याचं टोक पत्तीखालून निसटतं, पत्ती टक् करते, ते ऐकून सोडायचं, एवढीच तिची करामत. तुम्ही ती दुसऱ्यांच्या धनुष्यांवर पाहिली होती आणि तुम्हाला ती पटली नव्हती. "पत्तीला काय कळतं? मी आहे ना मागे." तुम्ही माझ्या मागे पाच पावलांवर उभे राहायचात. माझी पाठ पुरती ओढली गेली की शर्टाला मधोमध उभी चुणी पडायची. ती दिसली की तुम्ही म्हणायचात, "हां." आणि मी सोडायची. काय सुंदर जायचे बाण! पुढे स्पर्धा सुरू झाल्या. तिथं मागून बोलायला बंदी, म्हणून तुम्ही खाकरायला लागलात. हलकंच, एकदा. कुणाला शंका नाही. एक पंच तर तुम्हाला काळजीनं म्हणाले होते, "साब, गरम पानी में नमक डाल के गरारे करो, आपका गला भोत खराब है." घरी येऊन तुम्ही आईला ते नक्कल करून दाखवलंत. चार वर्षं मी एकही बाण स्वतःहून सोडला नाही, नाना. तुम्हाला ते कळलं नाही आणि मलाही नाही. दोघंही खूष होतो.

मग राज्याच्या संघाची निवड. मी सतरा वर्षांची. शेवटच्या फेरीत तीन बाण राहिलेले, आणि मी यादीत वर होते, नुसते कागदावर कुठंही लागले तरी नाव पक्कं. तुम्ही मागे, दोरीपलीकडे. मी ओढलं. पाठ भरली. तुम्ही खाकरलात.

मला ऐकू आलं. हे मी आजवर कुणाजवळ बोलले नाही, म्हणून पुन्हा लिहिते. मला स्वच्छ ऐकू आलं. तुम्ही खाकरलात आणि माझी बोटं उघडली नाहीत. मी धनुष्य खाली घेतलं, पुन्हा ओढलं, तुम्ही पुन्हा खाकरलात, या वेळी इतक्या जोरात की तेच पंच वळून तुमच्याकडे पाहायला लागले. पिवळा रंग समोर, आणि माझ्या मनात एकच, आता चुकलं तर सगळं गेलं. वेळ संपल्याची शिट्टी झाली तेव्हा एक बाण दोरीवर होता आणि दोन भात्यात. मी तुमच्याकडे आले. तुम्ही तोंड उघडायच्या आत, सगळ्यांसमोर, मी ओरडले, "तुम्ही खाकरलाच नाहीत! मी वाट बघत राहिले!"

तुम्ही माझ्याकडे बघत राहिलात. मग म्हणालात, "हो गं. घसाच कोरडा पडला बघ. चुकलं माझं." आणि मी काय म्हणाले माहितीये? "जाऊ दे आता." मोठ्या मनानं!

सायकल घरापर्यंत तुम्ही हातात धरून चालवत आणलीत, आपण दोघं चालत आलो. घरी आल्यावर आईनं माझा फणकारा ऐकला आणि म्हणाली, "नाचता येईना अंगण वाकडं." आई भाबडी नव्हती कधीच. तुम्ही तिला गप्प केलंत. "तिची काही चूक नाही. माझ्यामुळे गेलं पोरीचं." पुढे येणाऱ्या-जाणाऱ्याला तुम्ही हेच सांगत राहिलात, काकांना, ऑफिसातल्या लोकांना, माझ्या लग्नात माझ्या सासऱ्यांनासुद्धा. "पोर राज्याकडून खेळली असती, मी घात केला." मी तिथंच उभी, हातात सरबताचा ग्लास. मी म्हणू शकले असते. एक वाक्य होतं. अकरा वर्षं तुम्ही माझ्या समोर होतात, लग्नानंतर दर रविवारी आम्ही जेवायला यायचो, तुम्ही माझ्या ताटात स्वतःच्या हातानं कढी वाढायचात, आणि मला एक वाक्य जमलं नाही. मग एका दुपारी तुमचं हृदय बंद पडलं.

माणसाला स्वतःचं खाकरणं कळत नाही, असं कसं होईल? तुम्हाला ठाऊक होतं. आता माझी खात्री आहे. पण कधीकधी वाटतं, मी इतक्या ठासून ओरडले की तुम्हाला खरंच वाटलं असेल आपण चुकलो. पोरीवर विश्वास ठेवायचा म्हणून तुम्ही स्वतःच्या घशावरचा विश्वास सोडला असेल. या दोन्हींत कुठलं जास्त वाईट, ते मला ठरवता येत नाही. विचारायला तुम्ही नाही. आईलाही जाऊन नऊ वर्षं झाली.

म्हणून ती अकादमी, नाना. मला वाटत होतं, खाकरण्याची सवय लागली म्हणून बोटं बिघडली. पद्धतच चुकीची, म्हणजे ओरडले ते अगदीच खोटं नव्हतं. निम्मं तरी खरं होतं. निम्म्यावर मी राहिलेलं आयुष्य काढलं असतं. परवा बोटं उघडली नाहीत तेव्हा कोचनं मला सावलीत बसवलं आणि मी तिला हे विचारलं, तुमचं नाव न घेता. लहानपणी कुणी आवाजावर सोडायला शिकवलं असेल, तर असं होतं का? तिनं विचार केला. खोटं बोलता येत नाही त्या पोरीला. म्हणाली, "नै मॅडम. आवाज पे तो सबीच छोड़ते. क्लिकर बी आवाजच है ना. जिनने सिखाए उनने बराबर सिखाए, आपका बेस देखके मालूम होता. ये अंदर का डर है. अच्छे-अच्छों कू होता. किसी किसी का जाताच नै." मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, पाहिजे तर पोरांचे गुण लिहायला या, मला मदत होईल. एवढ्या हळुवारपणे कुणी मला आजवर नापास केलं नव्हतं. मी धनुष्य तिच्या हातात दिलं आणि उठले.

म्हणजे उत्तर आलं. तुम्ही बरोबर शिकवलं होतंत. बोटं माझीच आहेत, आणि ती आता काही उघडायची नाहीत. हे मान्य करून गप्प बसले असते तर निदान आज तुम्हाला एवढं लिहावं लागलं नसतं. पण रविवारी घरी आले, ह्यांनी विचारलं, "काय गं, लवकर?" आणि माझ्या तोंडून निघालं, "सोडून दिलं. ती पोरगी नीट शिकवतच नाही." इतकं सहज निघालं की माझं मलाच नवल वाटलं. हे म्हणाले, मग सांग की तिथं, पैसे भरतो आपण. काल अकादमीच्या मालकाचा मेसेज आला, मॅडम तुम्ही का सोडताय, आमच्याकडून काही कमी पडलं का. मी डायनिंग टेबलाशी पेपर तपासत बसले होते. वर्गातलं कार्टं मला म्हणतं ना, मिसनं हे शिकवलंच नाही, तेव्हा मी केवढी तापते! त्याच हातानं मी मालकाला लिहिलं, कोचिंग नॉट अप टू द मार्क. आणि पाठवलं. तेव्हा बरी उघडली बोटं!

आज सकाळी कोचचा फोन आला. त्या पोरीची नोकरी दर सहा महिन्यांनी नव्यानं ठरते, हे मला माहीत आहे, तिनंच कधीतरी सांगितलं होतं. मला वाटलं भांडेल. भांडली असती तर किती बरं झालं असतं. म्हणाली, "मॅडम, सर ने आपका मेसेज दिखाए. सॉरी मॅडम. मेरेकू और टाइम देना था आपकू. गलती मेरीच है." मागे पोरांचा गलका ऐकू येत होता. मी फोन कानाशी धरून उभी. एकच वाक्य, नाना, तेवढंच, या वेळी समोरचं माणूस अजून जिवंत होतं. आणि मी म्हणाले, "जाने देओ, होता रहता. टेन्शन नक्को लेओ." ती "थँक्यू मॅडम" म्हणाली. थँक्यू म्हणाली हो ती मला.

शाळेत आज गेलेच नाही; आता दुपारचे तीन वाजलेत. चार पानं झाली. इतकं सलग मराठी मी कित्येक वर्षांत लिहिलं नव्हतं. पोरगा बोलतो मराठी, पण वाचत नाही. हे वाचतील, पण माझ्या कपाटाला हात लावत नाहीत. तुमच्या नावानं सुरुवात केली तेव्हा मला वाटलं, अखेर कबूल करतेय, बरं वाटेल. नाही वाटलं. हे सगळं त्या पोरीच्या मालकाला दोन ओळींत लिहिता येतं, इंग्रजीत, आत्ता. फोन इथंच टेबलावर आहे. तुम्हाला लिहितेय, कारण तुम्हाला लिहिलेलं पाठवावं लागत नाही.